सांगोल्याहून मागे फिरलेल्या गुरुजींना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी लिहिलंय, म्हणून मी त्यांना गुरुजीच म्हणते. पत्र चार पानांचं आहे. सगळं छापायला जागा नाही, तेव्हा मुद्द्याचं तेवढं देते.

गुरुजींचं वय ६३. चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. भाताची मळणी उरकली की माघी वारीला पायी जायचं, हा अकरा वर्षांचा नेम. यंदा सांगोल्याच्या मुक्कामी दिंडीतल्या म्हाताऱ्या विणेकऱ्यांना ताप भरला. वीणा कुणाच्या गळ्यात जाणार, हे गुरुजींच्या मते ठरलेलंच होतं. पण दिंडीप्रमुखांनी सगळ्यांसमोर ती बैलहोंगलकडच्या एका तरुण पोराच्या गळ्यात घातली. पोरगा सहा वर्षं दिंडीत येतो, मराठी अडखळत बोलतो. पुढचं गुरुजींच्याच शब्दांत देते:

"ताई, माझ्या तोंडून एक शब्द गेला नाही, पण अंगाचा नुसता जाळ झाला. आमच्या मराठी दिंडीत आता वीणासुद्धा त्यांच्याकडे, असं मनात आलं. पिशवी उचलली आणि पहाटे स्टँडवर आलो. तो पोरगा मागून पळत आला. म्हणाला, 'सर, वीणा तुमी घ्या. मी टाळ घेतो.' मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मिरजेच्या गाडीत चढलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा पांडुरंगाला न भेटता परत आलो. घरी मंडळी म्हणाली, 'येवढी वर्सं चाललासा, आनि मिळीवलासा काय, तर ह्ये?' तेव्हापासून झोप नाही. हरिपाठाला बसलो की तो पोरगा समोर दिसतो. वारी संपल्यावर तो घरी येऊन प्रसादाची पुडी देऊन गेला. मी आतून बाहेर आलो नाही. पुडी देवळीत तशीच आहे. माझ्यासारख्या नालायकाच्या गळ्यात माळ शोभत नाही, ती उतरवून ठेवावी असं वाटतं. की प्रायश्चित्त म्हणून काशी-प्रयाग करून यावं? फंडाचे पैसे आहेत. अकरा वर्षं चालूनही माणूस कोराच राहत असेल, तर चालायचं कशाला?"

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

माळ काढू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी सांगते. वारीत चांगला वागला म्हणून कुणी कुणाच्या गळ्यात माळ घालत नाही. आपण कुणासमोर तरी उभं राहून शब्द दिलेला असतो, त्याची ती खूण असते. शब्द पाळताना पाय घसरला, तर उठून पुन्हा पाळायला लागायचं. ती काढून खुंटीला अडकवलीत तर तुम्हाला दोन दिवस हलकं वाटेल, आणि मग तुम्ही त्या रित्या गळ्याचंही कौतुक करायला लागाल. माणसाचं मन असंच आहे. मोठेपणा मिळाला नाही की ते नालायकपणात पहिला नंबर मागतं. तुमच्या पत्रात 'नालायक' हा शब्द पाच वेळा आला आहे. एकदा पुरे होता.

दिंडीप्रमुखांचं म्हणाल, तर त्यांनी निवड बरोबर केली की चूक, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. पण अकरा वर्षांच्या माणसाला आदल्या रात्री बाजूला घेऊन दोन शब्द सांगायला हवे होते. ते त्यांचं चुकलं. हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही, मला तसंच वाटतं. एवढं बोलून ती बाजू मी सोडून देते, कारण त्यांचं पत्र आलेलं नाही, तुमचं आलं आहे.

तुम्हाला नेमकं लागलं कुठं, ते बघू. वीणा काय असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. चालीत ती जमिनीला टेकवायची नाही, ती घेतली की बसायचं नाही, पाणी प्यायचं तर दुसऱ्यानं येऊन ती धरावी लागते. गळ्यातला पट्टा दुपारपर्यंत मानेला काचायला लागतो. तसं बघितलं तर ते ओझंच, आणि त्रेसष्टाव्या वर्षी ते तिसाव्या वर्षाच्या खांद्यावर गेलं म्हणून कुणी एवढं पेटत नाही. पण आपल्याकडे सकाळी निघताना सगळे विणेकऱ्याच्या पायाला हात लावतात. म्हातारे, बाया, प्रमुखसुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पोरापुढे तुम्हाला वाकावं लागणार होतं. म्हणून तुम्ही दिंडी निघायच्या आत स्टँड गाठलंत. मला तरी पत्र वाचून असंच वाटलं. चुकत असेन तर सांगा.

आणि तो कन्नड होता. ही गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, याबद्दल तुमच्याविषयी मला आदर वाटला. १९५६ साली नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, आणि तेव्हापासून आपल्या घराघरांत एक ठसठस आहे. मी बेळगावच्या शहापुरातली. ती ठसठस मला पाठ आहे. मराठी शाळेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ती माझ्याहून जास्त ठाऊक असणार. कन्नडमधून आलेलं परिपत्रक वाचायचं, मराठी पुस्तकांची वाट बघायची, पट कमी होताना बघत राहायचं. ते दुःख खरं आहे आणि ते विसरा, असं मी म्हणणार नाही. पण त्या दुःखाचा हिशोब त्या पोराकडे मागायचं कारण नव्हतं. तो तुमच्या दिंडीत येऊन तुमच्या भाषेत हरिपाठ म्हणायला शिकला. आणि ज्याच्या दारात निघालात, त्याला तर आपले संतच कानडा म्हणत आले. पंढरपूरच्या देवळात १२३७ सालचा होयसळ राजा सोमेश्वराचा दानलेख आहे, त्यात कन्नड आहे. कन्नड संतकवी पुरंदरदासांचं प्रत्येक पद विठ्ठलाच्या नावावर संपतं. तुम्ही शिक्षक आहात, हे तुम्ही वर्गात शिकवलंही असेल. शिकवलेलं सांगोल्याच्या स्टँडवर आठवलं नाही, एवढंच झालं.

माघात आपल्या जिल्ह्यातले रस्ते कसे असतात, बघा. काही लोक झेंडे घेऊन पंढरपूरकडे निघालेले, भारत पौर्णिमेला बैलगाड्या सौंदत्तीच्या यल्लम्माकडे वळलेल्या, रायबागेच्या बाजूला चिंचलीच्या मायाक्काची जत्रा. चौकात सगळे एकमेकांना आडवे जातात आणि कुणी कुणाला भाषा विचारत नाही. हौदावर आधी तहानलेला पितो. मला लहानपणापासून हा महिना फार आवडतो.

आता माझं सांगते, कारण तुमच्या पत्रात मला माझं जुनं तोंड दिसलं. माझी तिसरी वारी. पहिल्या दोन वाऱ्यांनंतर मी चांगलीच तयार झाले होते. माझं अंथरूण माझ्याजवळ, माझी पाण्याची बाटली, माझं मलम, माझ्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. कुणाकडे काही मागायचं नाही, कुणाला आपला त्रास होऊ द्यायचा नाही. याला मी नम्रता समजत होते आणि बरोबरच्या बायकांनी तसं म्हटलं की मला बरं वाटत होतं. हुक्केरी सोडल्यावर पायाच्या चवड्याला आलेला फोड फुटला. त्यात बाभळीचा काटा गेला. दिंडी पुढे गेली. मी 'तुम्ही व्हा पुढं, मी येते' म्हणत मागे राहिले आणि शेवटी रस्त्याकडेच्या एका मळ्यातल्या घराच्या कट्ट्यावर बसले.

आतून एक बाई आली, माझ्याच वयाची. तिनं काही विचारलं नाही. घमेल्यात गरम पाणी आणलं, मूठभर मीठ टाकलं आणि माझा पाय धरून आत सोडला. मी पाय मागे ओढला. माझे पाय आईशिवाय कुणी धरले नव्हते. तिनं पुन्हा धरला, या वेळी जरा दाबून, जसं लहान पोराला धरतात. सुईनं काटा काढला. काढताना तिची जीभ दातात धरलेली होती, तेवढं तिचं लक्ष त्या काट्यात. काम झाल्यावर मी पर्समधून शंभराची नोट काढली आणि तिच्यापुढे धरली. तिचा चेहरा पडला. "रोक्क ब्याडरी, अक्का," म्हणाली. पैसे नकोत, अक्का. मी तरी हात पुढेच ठेवला. तेव्हा तिनं ती नोट घेतली, माझ्या पर्सच्या कप्प्यात परत ठेवली आणि चेन ओढून बंद केली. मग घरात गेली आणि दोन कडक भाकरी व शेंगाची चटणी फडक्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवली.

ती चेन ओढल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी तिला पैसे का देत होते? तिच्या उपकारात राहायचं नव्हतं म्हणून. हिशोब तिथल्या तिथं मिटवून मला पुन्हा कुणाचीही मिंधी नसलेली वारकरीण व्हायचं होतं. संध्याकाळपर्यंत मी त्या दोन भाकरींनी लाजत चालले. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती लाज कधीतरी निवली आणि शेजारच्या बाईला मी आपण होऊन म्हटलं, "जरा पाय दाबता का हो माझा?" त्या तिसऱ्या वारीत मी पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं.

आता तुमचं पत्र पुन्हा काढा. प्रत ठेवली नसेल तर मी आठवण करून देते. दुसऱ्या पानावर तुम्ही अकरा वर्षांत दिंडीसाठी काय काय केलंत ते लिहिलंय. टँकरच्या डिझेलचे पैसे, एका मुक्कामाचा नाष्टा, पोरांना हरिपाठ शिकवणं, नवीन पखवाजाला शाई भरून आणणं. सगळं चांगलं आहे आणि खरंही असणार. पण या चार पानांत तुम्ही कुणाकडून काही घेतलंत, अशी एकही ओळ नाही. अकरा वर्षांत कुणी तुम्हाला पाणी दिलं नसेल? कुणाच्या ओसरीवर तुम्ही झोपला नसाल? अंकलीजवळ कृष्णा ओलांडताना, कवठेमहांकाळच्या माळावर, जुनोनीच्या उन्हात कुणी ताकाचा तांब्या पुढे केला नसेल? केला असणार. तुमच्या लक्षात राहिला नाही, कारण तुम्ही शिक्षक. देणारा हात वर ठेवायची सवय चौतीस वर्षांची. शाळेत ती चांगली. वाटेवर तीच आड येते.

प्रवासानं माणूस सुधारतो, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. हल्ली एसी बसमधून अकरा मारुती, बारा ज्योतिर्लिंगं उरकून आलेली माणसं मी बघते, आणि ती परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना नुसती यादी ऐकवत असतात. वाट माणसाला कधी वळण लावते, तर तो दुसऱ्याच्या दारात उभा राहतो तेव्हा. आपल्या बेळगावचंच घ्या. रिसालदार गल्लीतल्या ज्या घरात १८९२ च्या ऑक्टोबरात एक बंगाली संन्यासी उतरला, ते घर एका मराठी वकिलाचं. पुढे तो काही दिवस जंगल खात्यातल्या एका बंगाली अधिकाऱ्याकडे राहिला. वर्षभरानं शिकागोत अख्ख्या जगाला त्याचं नाव कळलं. पण इथं आला तेव्हा त्याला कोण ओळखत होतं? जे ताटात वाढतील ते जेवायचं, जिथं जागा देतील तिथं पडायचं, आणि विचारलं तर मोकळेपणानं बोलायचं. विवेकानंदांची भाषणं आपण पाठ करतो. त्या गल्लीतून जाताना मला त्यांचं ते पाहुणेपण आठवतं.

'माणूस कोराच राहत असेल, तर चालायचं कशाला?' असं तुम्ही विचारलंत. त्याला उत्तर तुमच्या खानापुरातच आहे. तुमचा तालुका मडक्यांचा नि कौलांचा, कुंभारकाम शिकवणारी खादी-ग्रामोद्योगाची संस्थाच तिथं आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कुंभाराच्या अंगणात मडकं घ्यायला गेले होते. तो एकेक मडकं उचलायचा, बोटाच्या पेरानं टिचकी मारायचा आणि कान लावायचा. ठण् वाजलं की उजवीकडे. बद्द वाजलं की डावीकडे. डावीकडची मी टाकाऊ समजले. तो म्हणाला, "टाकायची कशाला? ती कमी भाजल्यात. फुडल्या आव्यात घालू." मग ओळीत सुकायला ठेवलेल्या मडक्यांकडे बोट केलं. एकाच्या काठाला तडा गेला होता. "त्येची तर पुन्ना मातीच करायची. कच्चं हाय तवर काय बी करता येतं, ताई. भाजल्यावर फुटलं की खापरी."

हे ऐकताना गोरोबाकाकांच्या घरची गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. तेरला संतमंडळी जमली होती, मुक्ताईनं मडकी थोपटायच्या थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, आणि गोरोबा प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारत सुटले. सगळे गप्प बसले. नामदेवराय तेवढे चिडले, आणि कच्चं मडकं ठरले. कीर्तनात गोष्ट इथपर्यंत आली की लोक हसतात आणि आपणही हसतो. पण पुढचं बघा, गुरुजी. नामदेवराय रागानं तिथून उठून गेले. सांगोल्याहून तुम्ही गेलात, अगदी तसे. विठ्ठलाचा एवढा लाडका, आणि चारचौघांत कच्चा ठरल्यावर त्याला बसवेना. उठून जाणं हे काही तुमच्यापासून सुरू झालेलं नाही.

ते गेले कुठं, ते मात्र बघायला हवं. पंढरीला जाऊन देवाकडेच तक्रार केली. देवानं त्यांना गोंजारलं नाही, विसोबा खेचरांकडे धाडलं. औंढ्याच्या देवळात बघतात तर एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेला. नामदेवराय तिथंही रागावले. म्हातारा म्हणाला, बाबा, मला उठवत नाही, जिथं देव नसेल तिथं तूच माझे पाय उचलून ठेव. आणि ते पाय त्यांनी उचलले. मला या गोष्टीतला हा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. पिंडी कुठं कुठं उगवली, तो चमत्कार नंतरचा. त्याआधी रागावलेल्या नामदेवरायांनी एका अनोळखी म्हाताऱ्याचे पाय हातात घेतले.

त्यानंतरचं आयुष्य चालण्यातच गेलं. ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा, पुढे थेट पंजाबात, घुमानला. तिथल्या लोकांनी त्यांना असं आपलं केलं, की गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली गाडले गेले, तेव्हा त्या ढिगाऱ्यातून हाडं वेचून पंढरीला आणणारे नामदेवरायच. आणि १३५० साली, ऐंशीव्या वर्षी, त्यांनी जागा मागितली ती महाद्वाराच्या पायरीखाली. तुम्ही अकरा वर्षं त्या पायरीला हात लावून आत गेलात. थापटणं बसल्यावर चिडून उठलेला माणूस तिथं आहे. त्या दोन्हींच्या मधे कितीतरी वर्षं आहेत, आणि पंजाबापर्यंतची वाट आहे. तुमचे अकरा माघ त्यापुढे फार नाहीत. तुमच्यातला कच्चेपणा तुम्हाला त्रेसष्टाव्या वर्षी दिसला, झोप उडवण्याइतका दिसला. मला तरी ही वाईट बातमी वाटत नाही.

काशीचं म्हणाल तर आत्ता नको. पैसे आहेत, तब्येत आहे, गंगा बघावीशी वाटते, म्हणून कधीतरी जरूर जा. पण प्रायश्चित्त म्हणून जाऊ नका. काशीहून गंगाजल घेऊन आलात की गावात मावंदं घालाल, लोक पाया पडतील, आणि सांगोल्याचं ते लोक विसरतील. तुम्ही विसरणार नाही.

त्यापेक्षा तुमची वाट जिथं तुटली तिथून ती पुरी करा. सांगोल्याहून पंढरपूर तीसएक किलोमीटर राहिलं होतं. चैत्री वारी जवळ आली आहे. पाडव्यानंतर दहा दिवसांनी एकादशी. खानापुरातून मिरजेची गाडी धरा, मिरजेतून सांगोल्याला दुसरी मिळते. त्याच स्टँडवर उतरा आणि चालायला लागा. चैत्राचं ऊन सांगोल्याकडे फार वाईट, डाळिंबाच्या बागा सोडल्या तर सावली नाही. तेव्हा दोन दिवस घ्या, पहाटे चारला निघा, दहाच्या आत कुठंतरी टेका. पताका नको, फोटो नको, गावात सांगणंही नको. बरोबर भाकरी बांधून नेऊ नका. वाटेत मागून खा. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल, म्हणूनच सांगते आहे.

आणि एकटे जाऊ नका. तुमच्या चार पानांत वहिनींचं एकच वाक्य आहे, पण सगळ्या पत्रात तेच मला सगळ्यात नेमकं वाटलं. तुम्ही त्यांना रागावला असाल, तर आधी ते परत घ्या. अकरा माघ तुम्ही वाटेवर असताना गोठ्यातलं शेण कुणी काढलं, धारा कुणी काढल्या, पीठलं-भाकरी बांधून वेशीपर्यंत पोचवायला कोण आलं? त्या कधी पायी गेल्यात का, हे तुम्ही लिहिलंच नाही. गेल्या नसतील, असं मला वाटतं. 'चल' म्हणू नका. 'येशील का?' म्हणून विचारा. नाही म्हणाल्या तर जनावरांचं कोण बघणार, ते त्यांच्या डोक्यात असणार. ती सोय तुम्ही करा आणि मग पुन्हा विचारा. त्यांना एक किलोमीटर चालवेल, नाहीतर दहा. उरलेलं एसटीनं जाऊन त्या पुढे थांबतील. पायरीशी दोघं मिळून जा.

पुढच्या माघात दिंडीतच जा, दुसरी शोधू नका. प्रमुखांना भेटा आणि दिंडीच्या शेपटाला चालायचं काम मागून घ्या. ज्यांचे पाय दुखतात, जे मागे राहतात, त्यांच्याबरोबर. सकाळी विणेला पहिला नमस्कार तुमचा असू दे. पहिल्या दिवशी हात थरथरेल. थरथरू दे.

आणि तो पोरगा. मोठ्या माणसानं लहानाची माफी मागायची म्हणजे काय बोलायचं, हे आपल्याकडे कुणी शिकवलेलं नसतं. फार शब्द जुळवत बसू नका. तो तुम्हाला 'सर' म्हणतो, तर तुम्ही त्याच्याकडे काहीतरी शिकायला जा. पुरंदरदासांचं एखादं पद त्याला नक्की येत असेल. तुम्हाला कन्नड येतं, आपल्या भागातल्या शिक्षकाला ते शिकावंच लागतं. पण तुम्ही ते परिपत्रकं वाचण्यापुरतं आणि दात-ओठ खात शिकलात ना? आता एकदा ते गाण्यासाठी शिकून बघा. चाल चुकली की त्याला दुरुस्त करू द्या. दुरुस्त करताना तो लाजेल. तेव्हा तुम्ही मान खाली घालून पुन्हा म्हणा. 'माझं चुकलं' हे त्याच्या आधी म्हटलंत की नंतर, त्यानं फारसं बिघडत नाही. पण म्हणा.

हे सगळं पाडव्यानंतरचं नि पुढच्या माघातलं झालं. आजच्यापुरतं एकच काम आहे. देवळीतली पुडी काढा. बुक्का बाजूला ठेवा, तो कपाळाला लावा. चुरमुरे महिनाभरात मऊ पडले असतील, टाकून देऊ नका. वहिनींना म्हणावं, कढईत मंद आचेवर जरा परतून द्या, पुन्हा कुरकुरीत होतात. दोघं बसून खा. आणि हात पुसून झाले की त्याला फोन लावा, सांगा की प्रसाद पोचला.